सिग्नेच्या गॅससाठी प्रार्थना

"झाला का गॅस?" नर्स कोवाल्स्कीनं दारातूनच खणखणीत आवाजात विचारलं, आणि खुर्चीत विणत बसलेल्या सिग्नेच्या आर्डिस सासूबाईंनी लगबगीनं मान खिडकीकडे वळवली.

"नाही," सिग्ने पुटपुटली.

"थोडासा? चुकूनमाकून?"

"नाही हो."

"मग जेवणही नाही," असं म्हणून नर्सबाईंनी पलंगाच्या पायथ्याशी टांगलेल्या तक्त्यावर आणखी एक फुली मारली आणि ट्रे पुढे सरकवला. ट्रेमध्ये सूप होतं. कोंबडीला लांबून पाणी दाखवलं असावं, इतपत त्याला कोंबडीची चव होती. शेजारी लाल जेली थरथरत होती. मंगळवारपासून सिग्ने ही जेली खात होती आणि आता शुक्रवारची सकाळ उजाडली होती.

सिग्नेचं सिझेरियन मंगळवारी झालं. मुलगी झाली, साडेनऊ पौंडांची. गाल टमाट्यासारखे आणि घसा असा की दोन खोल्यांपलीकडचे हर्नियाचे आजोबा कानाचं यंत्र काढून ठेवायचे. बाळ-बाळंतीण खुशाल होती. अडचण एकच होती. एक्क्याऐंशी सालच्या आमच्या मिनेसोटात सिझेरियन झालेल्या बाईला गॅस सरल्याशिवाय अन्नाचा घास मिळत नसे. आतडी जागी झाल्याचा तोच एक पुरावा डॉक्टर मंडळी मानत.

सिग्ने भुकेनं वेडीपिशी झाली होती. चालल्यानं गॅस सरतो म्हणून ती सलाइनच्या दांड्याला धरून, कमरेत वाकून, दिवसातून सहा वेळा व्हरांड्याच्या फेऱ्या मारत होती. खोकताना, शिंकताना टाके ओढले जाऊ नयेत म्हणून एक उशी तिनं कायम पोटाशी कवटाळलेली असायची. गरम पाणी पिऊन झालं, कुशीवर वळून झालं, गुडघे पोटाशी घेऊन झाले. पोट गुरगुरायचं, आशा दाखवायचं आणि पुन्हा गप्प बसायचं. थापही मारता येत नव्हती, कारण खोटं बोलताना तिचे कान लाल व्हायचे आणि कोवाल्स्कीबाई आधी कानच बघायच्या.

त्यात डॉक्टर लुंडीन. शनिवारी मासेमारीचा मोसम सुरू होत होता आणि त्या दिवशी आमच्या राज्यात घरी राहणारा माणूस आजारी असणार, असं लोक धरून चालतात. डॉक्टरांनी बुधवारपासूनच होडी गाडीला जोडून ठेवली होती.

"शुक्रवारी पाचच्या आत झाला तर जेवण लिहून देतो," ते सिग्नेला म्हणाले होते. "नाहीतर मग सोमवारी."

"सोमवारी! आणि तोवर?"

"जेली आहे की."

"तुम्हाला फोन केला तर?"

"तळ्यावर फोन नाही," डॉक्टर म्हणाले. हे सांगताना त्यांचा चेहरा उजळला होता.

आता ही गोष्ट अशी अडून का बसली आणि पुढे गावभर का झाली, ते कळायला आमच्या नॉर्बी गावची माणसं माहीत हवीत. आमच्याकडे कुणी कुणाला काही विचारत नाही. विचारणं बरं दिसत नाही. समोरच्याच्या टोपीला आग लागली असेल तर आम्ही आधी म्हणतो, "आज जरा उकडतंय, नाही?" पोटाखालच्या कुठल्याही घडामोडीला आमच्याकडे शब्दच नाही. नर्स कोवाल्स्की शिकागोची, म्हणून ती बोलू शकायची. लग्न होऊन इथे येऊन तिला सतरा वर्षं झाली होती, पण गावात तिला अजून 'ती नवी' म्हणत.

झालं असं, की गुरुवारी दुपारी सिग्नेनं नवऱ्याचा हात धरला. नवरा ऑरिन, सहा फूट दोन इंच, शेतकरी, वर्षाला साधारण चाळीस वाक्यं बोलणारा.

"ऑरिन, मला खायला हवंय रे. काहीतरी कर."

"मी काय करू?"

"काहीही! कुणाला तरी सांग! देवाला सांग!"

ऑरिन साधा माणूस. बायकोनं देवाला सांग म्हटलं, तर आमच्याकडे त्याची पद्धत ठरलेली आहे. देवळाच्या प्रार्थना-साखळीला फोन करायचा. साखळीत चौदा घरं. पहिला फोन लव्हॉन ओडेगार्ड काकूंना, त्या दुसरीला करणार, दुसरी तिसरीला, असं करत तासाभरात चौदा स्वयंपाकघरांतून प्रार्थना सुरू. ऑरिन व्हरांड्यातल्या फोनपाशी गेला, रिसीव्हर उचलला, आणि लव्हॉनकाकूंचा "बोल बाबा" ऐकल्यावर त्याच्या लक्षात आलं, की आपल्याला 'गॅस' हा शब्द देवळात पियानो वाजवणाऱ्या एका सत्तर वर्षांच्या बाईला ऐकवायचा आहे.

"काकू, सिग्नेसाठी प्रार्थना हवी होती."

"अगं बाई. का रे? बाळ ठीक ना?"

"बाळ ठीक. सिग्नेचं... एक व्हायचं राहिलंय. आतलं."

"आतलं," काकू हळूच म्हणाल्या.

"हो. ते होत नाही तोवर तिला जेवण देत नाहीत. डॉक्टर म्हणाले वाट बघा. पाचपर्यंत. उद्या."

काकूंना विचारायचं होतं, पण विचारणं बरं दिसलं नसतं. "तू धीर धर, ऑरिन," एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला.

तिथून पुढे कुणी एका शब्दाचंही खोटं बोललं नाही. लव्हॉनकाकूंनी दुसरीला सांगितलं, की सिग्नेच्या आत काहीतरी बिघडलंय आणि तिचं जेवण बंद केलंय. दुसरीनं तिसरीला सांगितलं, की जेवण बंद आहे, डॉक्टर फक्त वाट बघतायत. सहावीनं सातवीला सांगितलं, की डॉक्टरांनी शुक्रवारी पाचची वेळ दिलीय. नववी नुसती रडली. चौदावी व्हर्ना ब्रोटेन. ती देवळात अंत्ययात्रांना गाते. तिनं फोन ठेवला आणि गरम पाण्यात मीठ टाकून गुळण्या करायला लागली.

शुक्रवारी सकाळी ऑरिन गाईंचं दूध काढायला घरी गेला, तर ओट्यावर जागा नव्हती. टेबलावर, खुर्च्यांवर, शिवणाच्या मशीनवर झाकलेली भांडी. खिमा, शेवया, मशरूमचं सूप आणि वर कुरकुरीत बटाटा, म्हणजे आमचं हॉटडिश, एकूण अकरा. प्रत्येक भांड्याच्या बुडाला चिकटपट्टीवर मालकिणीचं नाव. शिवाय तीन भांड्यांत राजम्यासारख्या दाण्यांची उसळ, एकात कोबी. ऑरिननं कोबीचं झाकण उचललं, उसळींकडे बघितलं, आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याला वाटलं, लव्हॉनकाकूंना न सांगता सगळं कळलं. गावानं नेमकं काय उपयोगी पडेल ते पाठवलंय.

बाहेर आला तर दक्षिणेच्या शेतात पाच ट्रॅक्टर. शेजारचा व्हर्लिन टोपी हातात घेऊन बांधापर्यंत चालत आला. आमच्याकडे कुणाच्या घरी मोठं संकट आलं, की शेजारी मिळून त्याची पेरणी उरकून देतात. पण ऑरिनच्या डोक्यात गॅस होता.

"एवढं कशाला, व्हर्लिन?"

"राहू दे. तू तिच्याजवळ असायला हवंस."

"होईल रे आजउद्या. डॉक्टर म्हणतात, कधीही होईल."

व्हर्लिननं ओठ चावला. मग त्यानं ऑरिनच्या खांद्यावर हात ठेवला. नॉर्बीत एका पुरुषानं दुसऱ्याच्या खांद्यावर हात ठेवल्याला नऊ वर्षं झाली होती. "शांतपणे व्हावं, एवढंच," तो म्हणाला.

"सिग्नेला कसंही चालेल," ऑरिन म्हणाला. "मोठ्यानं झालं तरी."

व्हर्लिन घाईघाईनं ट्रॅक्टरवर चढला. यंदा दक्षिणेच्या शेतात ओट लावायचा ऑरिनचा बेत होता आणि त्या लोकांनी मका पेरून टाकला होता, पण एका गॅससाठी पाच ट्रॅक्टर आणणाऱ्या गावाला हे सांगायचं कुठल्या तोंडानं!

दुपारी चारला ऑरिन दवाखान्यात परतला. सिग्ने दिवसातल्या पाचव्या फेरीहून येऊन नुकती टेकली होती. शेजारच्या पाळण्यात बाळ पोट भरून, तृप्त होऊन झोपलं होतं. सिग्नेला पोटच्या पोरीचा हेवा वाटला. खिडकीबाहेर डॉक्टरांची गाडी, मागे होडी, होडीत गळ आणि आमिषाचा डबा. दवाखाना एकमजली, त्यामुळे डबा अगदी समोर दिसत होता. त्यातल्या गांडुळांनाही आपल्यापेक्षा बरं खायला मिळत असेल, असं तिला वाटून गेलं.

"सोमवारपर्यंत मी नाही जगायची," ती रडकुंडीला येऊन म्हणाली.

आणि हे वाक्य नेमकं दारात उभ्या असलेल्या पाद्री टॉर्गरसनांनी आणि लव्हॉनकाकूंनी ऐकलं.

दोघं पाय न वाजवता आत आले. पाद्रीबुवांच्या अंगावर काळा कोट, लव्हॉनकाकूंच्या हातात टॉवेलात गुंडाळलेलं गरम हॉटडिश. भाजलेल्या कांद्याचा, खिम्याचा वास खोलीभर पसरला. सिग्नेच्या तोंडाला असं पाणी सुटलं, की तिला बोलताच येईना. डोळे भरून आले.

"बोलू नकोस, बाळा," काकू म्हणाल्या. "हे ऑरिनसाठी आहे. त्याला ताकद हवी."

"मला... एक घास..."

"ऐकलंत? शेवटी साधीसाधीच इच्छा असते बघा," काकू पाद्रीबुवांकडे वळून कुजबुजल्या. मग त्या पलंगाच्या कडेला बसल्या आणि सिग्नेचा हात थोपटू लागल्या. "तू कसलीच काळजी करू नकोस. व्हर्नाचा घसा मोकळा झालाय. दोन गाणी म्हणणार आहे. आणि हॅमची सँडविचेस सांगून झालीत."

"किती?"

"दोनशे."

नॉर्बीत दोनशे हॅम सँडविचेस फक्त एकाच कार्यक्रमाला लागतात. सिग्नेनं ऑरिनकडे बघितलं. ऑरिनच्या डोक्यातही तेव्हाच उजेड पडला असावा, कारण त्याचा खालचा जबडा हळूहळू सुटला.

"काकू," सिग्ने म्हणाली, "मी मरत नाहीये."

"नाही नाही, कोण म्हणतंय असं!" काकू आणखी मऊपणे हात थोपटू लागल्या.

"खरंच नाही! मला फक्त... माझा..." तिनं पाद्रीबुवांकडे पाहिलं. याच माणसानं तिचा बाप्तिस्मा केला होता, लग्न लावलं होतं. शब्द घशाशी आला आणि परत गेला. "आई, तुम्ही सांगा ना!"

आर्डिस सासूबाईंनी विणकामाचे टाके मोजायला घेतले. "सतरा, अठरा," त्या म्हणाल्या.

"आणि बाळाचंही बघितलंय आम्ही," लव्हॉनकाकूंनी आवाज खाली आणला. "माझी भाची ग्लेनिस मोकळीच आहे. घर सांभाळेल. स्वयंपाक बरा करते. आता दिसायला कशी आहे ते मी काय सांगणार, पण ऑरिननं तिला जत्रेत बघितलंय."

"मी नाही बघितलं!" ऑरिन ओरडला. वर्षाच्या चाळिसातलं हे एक वाक्य वाया गेलं.

सिग्नेला हसू फुटलं. तिनं उशी पोटाशी दाबली. हसणं म्हणजे टाक्यांचा नुसता जीवघेणा ताण. ओठ दाताखाली धरून तिनं ते दाबलं, तर ते खांद्यांतून बाहेर पडायला लागलं. ती गदगदू लागली, डोळ्यांतून पाण्याच्या धारा. आलेल्या दोघांना वाटलं, घटका जवळ आली. पाद्रीबुवांनी डोळे मिटले आणि हात वर केला.

"हे प्रभो," ते म्हणाले, "हिच्या आत जे अडलं आहे ते तूच जाणतोस."

"ओह्," सिग्ने उशीत तोंड खुपसून म्हणाली.

"ते सोडव, प्रभो. हिला मोकळी कर. आणि ती घटका येईल तेव्हा आम्हा जवळच्या माणसांना ती सोसण्याचं बळ दे."

आणि ती घटका आली.

साधासुधा नव्हता. तीन दिवसांचा होता. सुरुवातीला खालच्या पट्टीत, मग चढत गेला, मध्ये श्वास घ्यायला थांबावं तसा थांबला, आणि शेवटी अशा एका सुरावर पोचला की पाळण्यात बाळानं डोळे उघडले.

पाद्रीबुवांचा हात वरच राहिला. खोलीत कुणी कुणाकडे पाहीना.

"यंदा जमिनीत ओल बरी आहे," लव्हॉनकाकू छताकडे बघत म्हणाल्या.

"मक्याला चांगली," पाद्रीबुवा म्हणाले.

तेवढ्यात नर्स कोवाल्स्की व्हरांड्यातून धावत आल्या, हातात पेन्सिल. "मी ऐकला! कुणाचा होता?"

सिग्ने तोंड उघडणार, तेवढ्यात ऑरिन ताडकन उभा राहिला. बायकोवर त्याचं प्रेम होतं. सहा वर्षांत त्यानं ते कधी बोलून दाखवलं नव्हतं. आता पाद्रीबुवांसमोर तिची अब्रू जात असताना त्याला गप्प बसणं शक्य नव्हतं. त्यानं टोपी काढली.

"माझा होता, बाई. माफ करा."

कोवाल्स्कीबाईंचा चेहरा पडला. त्यांनी पेन्सिल खाली घेतली.

"नाही नाही, ऑरिन," पाद्रीबुवा पुढे सरसावले. एवढ्या दुःखातल्या तरुण माणसावर आळ येऊ देणं त्यांच्या धर्मात बसत नव्हतं. "माझा होता तो. वयाचा परिणाम."

"तुम्ही कशाला, पास्टर!" लव्हॉनकाकू उठल्या. "दुपारी कोबी मी खाल्लाय."

"अहो, एकाचाच असेल ना?" नर्सबाई वैतागल्या. "डॉक्टर गाडीकडे निघालेत! पाच वाजतायत! मी लिहू काय तक्त्यावर?"

तेव्हा आर्डिस सासूबाईंनी विणकाम मांडीवर ठेवलं. स्वतःच्या लग्नातही कुणी यांचा आवाज नीट ऐकला नव्हता. "माझा होता," त्या ताठ बसून म्हणाल्या. त्यांची मान लालेलाल झाली होती.

सिग्नेला भरून आलं. सासूबाईंनी आपल्यासाठी एवढं करावं! पण खिडकीबाहेर डॉक्टर लुंडीन किल्ली शोधत खिसे चाचपत होते, आणि पुढे शनिवार होता, रविवार होता, लाल जेली होती. तिनं उशी धरली आणि सगळं बळ एकवटलं.

"माझा!" ती किंचाळली. "माझा होता तो! मी पादले! मी! इथलं दुसरं कुणीही नाही!"

"असू दे गं, आम्ही सांभाळून घेतो," लव्हॉनकाकू कळवळून म्हणाल्या.

"सांभाळू नका! तीन दिवस मी याचीच वाट बघतेय! तो झाल्याशिवाय जेवायला देत नाहीत मला! ऑरिननं याच्यासाठीच फोन केला होता तुम्हाला!"

लव्हॉनकाकूंनी ऑरिनकडे बघितलं. "याच्यासाठी?"

ऑरिननं टोपीत बघत मान हलवली.

"चौदा घरं," काकू म्हणाल्या. "चौदा घरं गुडघ्यावर बसली होती रे!"

"मग ऐकलं की देवानं," नर्स कोवाल्स्की म्हणाल्या, आणि इथे सिग्नेचा सगळा धीर सुटला. ती टाके, पाद्री, लाजलज्जा सगळं विसरून खदखदून हसली, "आई गं, दुखतंय, आई गं" म्हणत हसली, आणि त्या हसण्यात दुसरा झाला, तिसरा झाला. आता कुणी कितीही सभ्यपणे बोट वर केलं असतं तरी ते खपलं नसतं.

कोवाल्स्कीबाईंनी धाडकन खिडकी उघडली. "डॉक्टर! थांबा! सिग्ने पादली!"

"किती?" डॉक्टरांनी ओरडून विचारलं.

"तीन!"

"शाब्बास!" रस्त्यापलीकडे पोस्टात उभी असलेली माणसंसुद्धा वळून बघायला लागली. डॉक्टरांनी खिडकीतून तक्ता घेतला, होडीच्या काठावर ठेवून जेवण लिहून दिलं, आणि हॉर्न वाजवत तळ्याकडे निघून गेले.

सिग्नेनं हॉटडिश खाल्लं. नर्सबाई "हळू, हळू" म्हणत राहिल्या आणि ती मान डोलावत भराभर खात राहिली. पाद्रीबुवांनी सँडविचेस बाप्तिस्म्याला वापरायचं ठरवलं. लव्हॉनकाकू साखळीला कळवायला फोनपाशी गेल्या आणि बराच वेळ रिसीव्हर हातात धरून उभ्या राहिल्या. शेवटी त्यांनी दुसरीला एवढंच सांगितलं, की प्रार्थना पावली, आवाजासकट. दुसरीनं पुढे काही विचारलं नाही.

सगळे गेल्यावर खोलीत सासू-सून आणि बाळ उरली. आर्डिस सासूबाईंनी रिकामं भांडं रुमालानं पुसलं. मग दाराकडे एकदा बघून घेतलं.

"ऑरिनच्या वेळी माझंही बाळंतपण पोट कापूनच झालं होतं," त्या हळूच म्हणाल्या. "माझे पाच दिवस गेले."

सिग्ने चाटच पडली. "आणि मग झाला?"

"कुठला! सहाव्या दिवशी एक मोठा ढेकर दिला. नर्सला वाटलं, तोच. मीही नाही म्हटलं नाही. अर्ध्या तासात अंडी आणि टोस्ट आले."

"आई!" सिग्ने उठून बसायला गेली आणि कळ येऊन परत मागे टेकली. "मी तीन दिवस इथे तडफडतेय! तुम्ही समोर बसून विणताय! आणि हे मला आज सांगताय?"

सासूबाईंनी लोकरीचं टोक हातात घेतलं, चष्मा नीट केला आणि पुढचा टाका घातला.

"तू विचारलंच नाहीस," त्या म्हणाल्या.